उजळणी वर्गाला जाताना बिघडलेले जॉब सोबत न्या

गडहिंग्लजकडच्या एका खासगी आयटीआयमधल्या टर्नर ट्रेडच्या (लेथवर धातू कापायचं काम) शिल्पनिदेशकांनी, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणाऱ्या शिक्षकांनी विचारलं आहे: कोल्हापुरात होणाऱ्या पाच दिवसांच्या उजळणी वर्गासाठी नाव गेलं आहे, सोबत काय न्यावं? पाठ घ्यायला उभं केलं तर काय करायचं? परत आल्यावर तुकडीसाठी त्याचा उपयोग कसा करायचा? शेवटी परीक्षा घेऊन नापास करतात का? जोडीला एक शंकाही आहे, 'इतकी वर्षं शिकवतोय, तिथे नवीन काय मिळणार?'

आधी शंकेचं बघू. रोजचे सहा तास धरले तर पाच दिवसांचे तीस तास होतात. उद्घाटन, ओळखपरेड, अभिप्रायाचे फॉर्म, प्रमाणपत्र वाटप आणि ग्रुप फोटो वजा केला की हाताशी चोवीस-पंचवीस तास उरतात. पंचवीस निदेशक एका सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनभोवती उभे असतील, तर प्रत्येकाला पॅनेलवर हात ठेवायला दहा-पंधरा मिनिटं मिळाली तरी खूप. एवढ्यात कुणाचा हात सुधारत नाही. शिवाय तुमचा हात तयारच आहे. सुधारू शकते ती एकच गोष्ट, म्हणजे तुमची तुकडी दरवर्षी जिथे अडते ती जागा. ती कोणती हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. तज्ज्ञ मार्गदर्शक सगळ्यांना चालेल असं शिकवतो. त्याच्यासमोर नेमकी अडचण ठेवली तरच त्याच्याकडून नेमकं उत्तर निघतं. म्हणून बॅगेतलं सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे तुमच्या मुलांनी बिघडवलेले जॉब, सरावात बनवलेले धातूचे तुकडे.

कोणते जॉब न्यायचे

चार-पाच पुरे. सगळ्यात वाईट जॉब निवडू नका, तो बहुतेक वेळा निव्वळ बेफिकिरीचा असतो. सारखीच चूक तीन-चार मुलांनी केलेली दिसेल तो नमुना घ्या. एकट्याची चूक त्याच्यापुरती राहते, पण वीसपैकी आठजण तेच करत असतील तर प्रात्यक्षिकातच काहीतरी सुटलेलं असतं. प्रत्येक जॉबला चिठ्ठी बांधा: ड्रॉइंगमधलं माप, प्रत्यक्ष माप, मशीन नंबर, टूल, आरपीएम, आणि विचारल्यावर मुलाने सांगितलेलं कारण. मुलाचं नाव नको. हे शेवटचं कारण मात्र चुकवू नका, त्यातच अर्धं निदान असतं.

टर्नर ट्रेडचे तीन नमुने जवळपास सगळ्या संस्थांत सापडतात.

पहिला, फेसिंग (जॉबचं टोक सपाट कापणं) झाल्यावर जॉबच्या मधोमध राहिलेली घुंडी. टूलचं टोक सेंटर उंचीवर (जॉब ज्या अक्षाभोवती फिरतो त्याच्या पातळीत) नाही, एवढं सगळेच सांगतात. सेंटरच्या वर बसलं तर बाहेरचा व्यास कापताना पुढचा क्लिअरन्स (टूल आणि जॉबमधली मोकळी फट) कमी होतो आणि टूल घासतं. खाली बसलं तर रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) कमी होतो आणि जॉब टूलवर चढायला बघतो. हे फळ्यावर शिकवून झालेलं असतं, तरी मुलं चुकतात. कारण बहुतेक निदेशक प्रात्यक्षिकाआधीच टूल सेट करून ठेवतात. टेलस्टॉकच्या (जॉबचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाच्या) सेंटरला टोक टेकवून बघणं, पॅकिंगच्या पट्ट्या घालणं, बोल्ट आवळल्यावर टोक किंचित हलतं म्हणून पुन्हा तपासणं हा भाग मुलांना कधी दिसतच नाही. त्यांनी पाहिलेलं असतं ते टूल लावलेलं लेथ. पट्ट्या किती घालायच्या हे मग डोळ्याने ठरतं.

दुसरा, १०० मिमी लांबीच्या सरळ टर्निंगला ०.०४-०.०५ मिमीचा टेपर, म्हणजे दोन टोकांच्या व्यासातला फरक. याची कारणं दोन आणि उपाय वेगवेगळे. जॉब फक्त चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या पंजात) धरून बराच बाहेर काढलेला असेल तर मोकळं टोक टूलपासून मागे वाकतं, तिथे काप कमी बसतो आणि व्यास मोठा राहतो. टेलस्टॉक लावलेला असेल तर तो बाजूला सरकलेला असण्याची शक्यता जास्त. तो आपल्या बाजूला आलेला असेल तर टेलस्टॉककडचा व्यास लहान येतो. ओळखायचं कसं? काप न वाढवता त्याच सेटिंगवर टूल आणखी एकदा फिरवा. टेपर कमी झाला तर जॉब वाकत होता, तसाच राहिला तर अलाइनमेंटचा दोष आहे. दोन मिनिटांची ही चाचणी मुलांकडून करून घेतली तर 'सर, लेथच खराब आहे' ही तक्रार बरीच कमी होते.

तिसरा नमुना आटे. एम २० × २.५ च्या (२० मिमी व्यास, २.५ मिमी पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट, म्हणजे १.५३ मिमी. मुलगा डायल मोजून तेवढी खोली देतो आणि रिंग गेज (आटे तपासायची कडी) चढत नाही. मग तो म्हणतो, गेज घट्ट आहे. खरी गोष्ट अशी की हे सूत्र टूलच्या टोकाला ठराविक गोलाई आहे असं धरून चालतं. हाताने ग्राइंड केलेलं टोक सुईसारखं ठेवलं तर खाच अरुंद पडते, पिच व्यास (जिथे आटा आणि खाच सारख्या रुंदीची असतात तिथला व्यास) मोठा राहतो, आणि तोच बसायला खोली १.८९ मिमीपर्यंत न्यावी लागते. तक्त्यातला आकडा चुकीचा नसतो, तो वेगळ्या टोकासाठी असतो. सेंटर गेजने (आट्याच्या टूलचा कोन तपासायच्या पट्टीने) टूल काटकोनात न लावल्यामुळेही गेज अडतो, पण तेव्हा आट्याची एक बाजू उभी आणि दुसरी आडवी दिसते. दोन्ही प्रकारचे जॉब नेले तर तिथे चांगली चर्चा होईल.

तुमच्यासोबत फिटर आणि वेल्डरचे निदेशकही असणार, त्यांच्यासाठी थोडक्यात. फिटरने मधे फुगलेला फाईलिंगचा जॉब न्यावा. स्ट्रोकच्या सुरुवातीला डाव्या हाताचा दाब जास्त, मध्यावर सारखा आणि शेवटी उजव्याचा जास्त हवा. तो बदलला नाही की फाईल झुलते आणि कडा खाल्ल्या जातात. व्हाईस कोपराच्या उंचीला नसेल तर कितीही सांगून हा दाब बदलता येत नाही, म्हणून बुटक्या मुलाच्या पायाखाली फळी द्यावी लागते. वेल्डरने फोडलेला फिलेट (दोन पट्ट्यांच्या कोपऱ्यातला जोड) न्यावा, ज्यात कोपऱ्यात मुळाशी धातू वितळलेलाच नाही असं उघड दिसतं. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः राधानगरी-गगनबावडा पट्ट्यात, इलेक्ट्रोड दमट होतात आणि पोरॉसिटीचा (जोडातल्या वायूच्या छिद्रांचा) दोष मुलाच्या हातावर ढकलला जातो. ई७०१८ सारखे लो हायड्रोजन इलेक्ट्रोड ३०० ते ३५० अंशांवर भाजून घ्यावे लागतात. ई६०१३ ला तेवढी उष्णता दिली तर त्याचं आवरणच बिघडतं, त्याला १०० अंशांच्या आसपास वाळवणं पुरतं. आणि वेल्डिंग सेटच्या डायलवर विश्वास ठेवू नका. व्होल्टेज पडलेलं असेल तर डायल एक सांगतो आणि टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर) दुसरंच दाखवतो.

बाकीचं सामान

नामनिर्देशनाचं पत्र, कार्यमुक्तीचा आदेश, ओळखपत्र, दोन फोटो. ट्रेडचा चालू अभ्यासक्रम छापून न्या, तो भारत स्किल्स पोर्टलवर मिळतो. अनेकजण जुनी १६०० तासांची प्रत घेऊन येतात. २०२२ च्या फेररचनेनंतर वर्षाचे तास १२०० झाले आहेत, त्यामुळे जुन्या प्रतीवर आखलेलं नियोजन तिथेच कोसळतं. स्वतः लिहिलेलं एक पाठ टाचण, एक प्रात्यक्षिक टाचण आणि एक जॉब शीट. सुबक नको, रोज वापरातलं हवं. ॲप्रन, सेफ्टी शूज, गॉगल. मायक्रोमीटर संस्थेचा नेणार असाल तर डेडस्टॉक रजिस्टरला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करूनच बाहेर काढा.

एक स्थानिक सूचना. वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये असेल आणि तुमच्या ओळखीचं कुणी इचलकरंजी किंवा हातकणंगले बाजूने येणार असेल, तर त्यांना शहरातच राहायला सांगा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद पडली होती. राजाराम बंधारा तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. गडहिंग्लजहून रोज जाऊन-येऊन करायचा विचार तुम्हीही करू नका. संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी असते, आणि खरी देवाणघेवाण वर्ग सुटल्यावर चहाच्या टपरीवरच होते.

पाठ घ्यायला उभं केलं तर

करतातच. बहुतेक वर्गांत सूक्ष्म अध्यापन असतं. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे रुळलेलं तिचं चक्र ३६ मिनिटांचं आहे: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं अभिप्राय, बारा मिनिटं पुन्हा आखणी, सहा मिनिटं तोच पाठ पुन्हा आणि सहा मिनिटं पुन्हा अभिप्राय. गंमत अशी की गर्दीमुळे बऱ्याच ठिकाणी फक्त पहिली बारा मिनिटं होतात. पुन्हा आखणी आणि पुन्हा पाठ गाळला जातो, आणि फायदा तर त्यातच असतो. संयोजकांकडे तुम्ही स्वतः मागणी करा. वेळ नसेल तर दोन-तीन निदेशक मिळून संध्याकाळी मोकळ्या खोलीत तेवढा भाग उरकून घ्या.

सहा मिनिटांत 'लेथचे भाग' घेऊ नका. विषय एका कृतीइतका लहान हवा, उदाहरणार्थ 'टेलस्टॉक सेंटरवरून टूलची उंची बसवणं'. वर सांगितलेल्या घुंडीचा जॉब हातात घेऊन सुरुवात करा. पाठाला उद्देश लिहायचा असतो, तिथे 'समजून घेणे', 'माहिती होणे' असं लिहिलं की परीक्षक तिथेच खूण करतो. मोजता येईल असं लिहा: 'प्रशिक्षणार्थी तीन मिनिटांत टूल सेंटर उंचीवर बसवेल आणि फेसिंगनंतर जॉबवर घुंडी राहणार नाही.'

कृती दाखवायची ती चार पायऱ्यांत. तयारी, सादरीकरण, करून बघणं, तपासणी. हा साचा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी पर्यवेक्षकांना शिकवला गेला, आणि आजही टिकून आहे. यात चुकते ती तिसरी पायरी. निदेशक करून दाखवतो आणि मुलाला म्हणतो, आता तू कर. मधे आणखी एक टप्पा घाला: मुलगा तोंडाने सांगेल आणि तुम्ही फक्त तेवढंच कराल. तो 'पट्टी घाला' म्हणाला आणि बोल्ट सैल करायला सांगायला विसरला, तर हात थांबवा. त्याच्या डोक्यात कोणती पायरी गळली आहे हे जॉब न बिघडवता कळतं.

उभं कुठे राहायचं याकडे कुणी लक्ष देत नाही. मुलं तुमच्या समोर, लेथच्या पलीकडे उभी राहिली तर त्यांना डावं-उजवं उलटं दिसतं. हँडव्हील कोणत्या दिशेला फिरवलं हेच चुकीचं डोक्यात जातं. त्यांना तुमच्याच बाजूला, खांद्यामागे उभं करा. टूलचं टोक एका वेळी सहा-सात जणांनाच नीट दिसतं. म्हणून २० च्या तुकडीला प्रात्यक्षिक तीनदा द्यावं लागतं, एकदा नाही. वेळ जातो, पण मागच्या बाकावरचे तेरा जण पुढे आठवडाभर तेच विचारत फिरतात त्यापेक्षा कमीच जातो.

आणि 'समजलं का?' हे विचारणं बंद करा. आपल्याकडची मुलं निदेशकाला नाही म्हणत नाहीत. त्याऐवजी 'टूल अर्धा मिलिमीटर खाली बसलं तर जॉबवर काय दिसेल?' असं विचारा आणि नाव घेऊन एकाकडून उत्तर घ्या. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला तर बाकीचे एकोणीस जण विचार करायचं थांबवतात. प्रश्न आधी, पाच सेकंद शांतता, मग नाव.

सीएनसीच्या सत्रात काय बघायचं

दुसऱ्या वर्षाच्या टर्नर अभ्यासक्रमात सीएनसी आहे आणि अनेक संस्थांत मशीनपेक्षा सिम्युलेटरवरच भागवलं जातं. मशीन समोर आहे तोवर सिम्युलेटर जे शिकवत नाही ते बघून घ्या. सगळ्यात धोकादायक उदाहरण स्थिर कटिंग स्पीडचं. फानुक कंट्रोलच्या लेथवर जी९६ एस१५० दिलं की मशीन १५० मीटर प्रति मिनिट गती राखण्यासाठी व्यास कमी होईल तसे आरपीएम वाढवत नेतं. ५० मिमी व्यासावर सुमारे ९५५ आरपीएम, १० मिमीवर ४७७५, आणि फेसिंग करत सेंटरकडे जाताना आकडा मशीनच्या कमाल मर्यादेवर जाऊन धडकतो. आधी जी५० एस२००० अशी मर्यादा घातली नसेल तर तेवढ्या वेगात चकची पकड ढिली पडू शकते आणि जॉब उडू शकतो. सिमेन्स कंट्रोलवर हेच काम लिम्स या शब्दाने होतं. सिम्युलेटरच्या पडद्यावर फक्त आकडा वाढतो, कुणी घाबरत नाही. तज्ज्ञाला विचारा की त्यांच्या मशीनवर ही मर्यादा किती ठेवतात आणि चक किती आरपीएमपर्यंत चालवायला उत्पादकाने सांगितलं आहे. चकवर तो आकडा कोरलेला असतो.

साध्या लेथवरही हेच गणित उलट दिशेने चुकतं. हाय स्पीड स्टीलचं टूल आणि माइल्ड स्टीलचा २५ मिमी जॉब असेल तर २५ मीटर प्रति मिनिटला सुमारे ३१८ आरपीएम येतात. कार्बाइड इन्सर्ट (टूलवर बसवायचं बदलता येणारं कठीण पातं) लावून तोच वेग ठेवला तर कडेवर धातू चिकटतो, फिनिश खरखरीत येतं आणि मुलगा इन्सर्टला दोष देतो. १०० मीटर प्रति मिनिटला सुमारे १२७० आरपीएम लागतात, आणि संस्थेतल्या जुन्या लेथची कमाल मर्यादा बहुधा त्याच्या आसपासच किंवा खाली असते. आपल्या लेथच्या गिअर प्लेटचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, म्हणजे कोणत्या जॉबला कार्बाइड परवडतं हे तिथेच ठरवता येईल.

मूल्यमापनाचं सत्र

हे सत्र कंटाळवाणं मानलं जातं आणि जेवणानंतर ठेवलं जातं. माझ्या मते पाच दिवसांतलं हेच सत्र सगळ्यात जास्त पैसे वसूल करून देतं.

आपल्या पद्धतीत अंतर्गत मूल्यमापनात जॉबला ६० ते ७५, ७५ ते ९० आणि ९० टक्क्यांच्या वर असे गुणांचे तीन गट आहेत. प्रॅक्टिकल आणि अंतर्गत मूल्यमापनात पास व्हायला ६० टक्के लागतात, बाकी विषयांना ३३. पुरावे म्हणून जॉब, डेली डायरी, उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षेची नोंद पुढच्या परीक्षेपर्यंत जपून ठेवायची असते. हे सगळे जाणतात. अडचण अशी की सगळे ७२ किंवा ७८ देतात आणि कशाला दिले ते सांगता येत नाही.

वर्गात एक प्रयोग मागून घ्या. नेलेल्या जॉबपैकी तीन निवडा आणि दोन निदेशकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत. शंभरात दहापेक्षा जास्त फरक आला तर दोष निदेशकांचा नाही, निकष ढिले आहेत. 'फिनिश चांगलं' याला दोघांचे अर्थ दोन असतात. 'नखाला टूलच्या रेघा लागत नाहीत' असं लिहिलं की फरक लगेच आटोक्यात येतो. तसंच मापाचं. जॉबला ±०.०४ मिमीची मुभा असेल तर एकूण पट्टा ०.०८ चा झाला. तो ०.०२ अल्पतम मापाच्या व्हर्निअरने मोजला तर पट्ट्याचे चारच भाग पडतात, आणि वाचणाऱ्याच्या नजरेतच एक भाग सहज जातो. असा जॉब मायक्रोमीटरनेच तपासा. मुलगा ६० वरून ५८ ला येतो की नाही, हे अशा ठिकाणी ठरतं.

थिअरीच्या प्रश्नांसाठीही एक हिशेब शिकून या. २० मुलांपैकी १४ जणांनी प्रश्न बरोबर सोडवला तर त्याची काठिण्य पातळी ०.७, म्हणजे प्रश्न ठीक आहे. मग वरच्या पाच आणि खालच्या पाच मुलांची उत्तरं बघा. वरच्या पाचही जणांचं बरोबर आणि खालच्यांपैकी दोघांचं बरोबर, तर फरक ०.६, उत्तम प्रश्न. फरक शून्याच्या खाली गेला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली, तर उत्तरसूची चुकली आहे किंवा प्रश्नाची भाषा दिशाभूल करते आहे. मात्र एवढ्या लहान तुकडीत एका मुलाने उत्तर बदललं तरी हा आकडा ०.२ ने हलतो. म्हणून दोन-तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका एकत्र करूनच प्रश्न बाद करा.

कारखाना भेट

कोल्हापुरातल्या वर्गात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतली एक भेट बहुधा असते. व्यवस्थापक मोठ्या मशीन दाखवत फिरवतात आणि आपण मान डोलवतो. त्यापेक्षा तपासणी विभागात जाऊन विचारा: महिन्याच्या रिजेक्शनमध्ये कोणते दोष किती, आणि नव्या मुलांच्या हातून होणारे कोणते? फाउंड्रीत ब्लोहोल, वाळू अडकणं, कोल्ड शट, साचा सरकणं असे वेगवेगळे आकडे त्यांच्याकडे असतात. मशिन शॉपमध्ये विचारलं तर इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) न देणं, चकमध्ये चिप अडकून जॉब वाकडा बसणं, बर (कापल्यावर कडेला राहिलेली धार) न काढता जॉब मोजणं अशी यादी निघते. यातलं फार थोडं पाठ्यपुस्तकात आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या छोट्या शॉपमध्ये वेळ मिळाला तर जरूर जा. तिथला मालक स्वतः मशीनवर असतो आणि आयटीआयच्या मुलाला पहिल्या आठवड्यात काय येत नाही हे आडपडदा न ठेवता सांगतो.

भेटीचा दुसरा उपयोग जास्त रोकडा आहे. नव्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तासांचं प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण अनिवार्य आहे, जवळ उद्योग नसेल तर गट प्रकल्प. गडहिंग्लज भागातल्या संस्था बहुधा गट प्रकल्पावर येऊन थांबतात. भेटीत एचआरचा नाही, मशिन शॉप सुपरवायझरचा नंबर घ्या आणि त्याला एकच विचारा: एका वेळी तीन-चार मुलं, कोणत्या महिन्यात घ्याल? साखर कारखान्यांच्या हंगामात कामाचा ताण वेगळा असतो, तारखा त्याप्रमाणे ठरवाव्या लागतात.

परत आल्यावर

सगळे धडे नव्याने लिहायला बसू नका, आठवड्यात हात टेकाल. वर्षाला प्रॅक्टिकलचे ८४० तास असतात. समजा तुमच्याकडे पाच लेथ चालू आहेत आणि तुकडी २० ची. सगळा वेळ लेथवर दिला तरी एका मुलाच्या वाट्याला २१० तासच येतात. उरलेल्या वेळात मुलं उभीच राहतात, हे आपल्या संस्थांचं उघड गुपित आहे. म्हणून पहिला बदल पाळ्यांचा करा. एक गट लेथवर, एक टूल ग्राइंडिंगवर, एक मोजमापाच्या टेबलावर बिघडलेले जॉब तपासत आणि एक सिम्युलेटरवर. मोजमापाच्या टेबलासाठी नवीन काहीच लागत नाही. वर्गाला नेलेले जॉब तिथेच ठेवा आणि मुलांना दोष ओळखून कारण लिहायला लावा.

दुसरा बदल, ज्या तीन जॉबवर चर्चा झाली त्यांच्याच जॉब शीटमध्ये गळलेली पायरी घाला. फेसिंगच्या शीटमध्ये 'टूल सेंटर उंचीवर बसवा' ही ओळ असतेच. तिच्याखाली कशाला टेकवून बघायचं, बोल्ट आवळल्यावर पुन्हा तपासायचं आणि निदेशकाची सही घेतल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही, एवढं वाढवा. दीड-दोन महिन्यांनी तोच जॉब पुढच्या तुकडीकडून करून घ्या आणि घुंडी राहिलेले जॉब मोजा. आकडा हलला नसेल तर ती पायरी तुम्ही स्वतः प्रात्यक्षिकात दाखवताय की पुन्हा आधीच सेट करून ठेवताय, हे आधी बघा.

गटनिदेशक किंवा प्राचार्यांना दोन पानांचा अहवाल द्या. त्यात वर्गात काय शिकवलं याचं वर्णन नको. कोणते तीन बदल करणार, त्यासाठी काय लागणार आणि कधी तपासणार एवढंच लिहा. लागणारं सामान स्वस्त असेल तर मंजूर होतं: २० सेंटर गेज, काही पॅकिंग पट्ट्या, एक फिलर गेज. पहिल्याच अहवालात सीएनसी मशीन मागितलं की बाकीचंही अडकतं. प्रमाणपत्राची प्रत वैयक्तिक नस्तीत लावा. हे प्रमाणपत्र सीआयटीएसच्या जागी चालत नाही. सीआयटीएस हा निदेशकांचा एक वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तो झाला नसेल तर वर्गातल्या मार्गदर्शकांकडूनच प्रवेशाची माहिती घेऊन या.

आता नापास होण्याबद्दल. सुरुवातीला आणि शेवटी सारखीच चाचणी घेतात, ती सुधारणा मोजण्यासाठी. पहिल्या चाचणीत जास्त गुण मिळवायची धडपड करू नका. येत नाही ते कोरं सोडलं तर मार्गदर्शकाला वेळ कुठे द्यायचा ते कळतं. अंदाजाने चार पर्यायांतला एक ठोकून दिला की तुमचा कच्चा भाग झाकला जातो आणि पुढचे पाच दिवस त्यावर कुणी बोलत नाही. शेवटी प्रमाणपत्रासाठी सहसा हजेरीची अट पाहतात, म्हणून लग्नसराईत वर्ग आला तर मधल्या दिवशी निघून जायची सवलत आधीच लेखी मागा. लॅपटॉपची गरज एखाद्या सत्रातच पडते, दोघांत एक असला तरी चालतो. चार्जरसोबत एक्स्टेन्शन बोर्ड मात्र न्या, वर्कशॉपच्या हॉलमधले सॉकेट नेहमी भिंतीकडेला असतात.